चार पायांवर उतरणारं मांजर आणि बाल्कनीची जाळी

सोसायट्यांच्या आणि मांजरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा: 'मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, त्याला काही होत नाही. बाल्कनीला जाळी ठोकून त्याला कोंडणं कायद्यानं गुन्हा आहे. मांजर मोकळं फिरलं तरच सुखी राहतं. आणि भीती वाटतच असेल तर कबुतरांची जाळी पुरते, बाकी सगळी पैशांची नासाडी.' माझी चिंगी तिसऱ्या मजल्यावरून पडली आहे. त्यामुळे हा संदेश आला की मला गप्प बसवत नाही.

चिंगी चार पायांवरच उतरली होती. खालच्या वॉचमनकाकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पण एवढ्या उंचीवरून आलेला वेग चार पाय पूर्ण झेलू शकत नाहीत. पाय वाकतात आणि मागोमाग छाती नि हनुवटी फरशीवर आदळतात. तिच्या तोंडातली टाळू मधोमध दुभंगली होती, पुढचा एक पाय मोडला होता. उंचावरून पडलेल्या मांजरांमध्ये डॉक्टरांना नेमक्या याच जखमा पुन्हा पुन्हा दिसतात: फाटलेली टाळू, मोडलेला जबडा किंवा पाय, आणि फुप्फुसाभोवती साठलेली हवा. ही शेवटची इजा बाहेरून दिसत नाही. म्हणून 'उठून चालायला लागलं, म्हणजे बरं आहे' असं समजून घरी थांबू नका.

'काही होत नाही' या समजुतीला आधार म्हणून बहुतेक वेळा न्यूयॉर्कचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पुढे केला जातो. इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं, आणि उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. आकडा खरा आहे. पण ही दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जी जागच्या जागी गेली, त्यांना कोण दवाखान्यात नेणार? शिवाय त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले होते.

कायद्याचा मुद्दा लवकर संपतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याचं कलम ११ सांगतं की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे. जाळी लावलेली, घरात उघडणारी बाल्कनी त्यात कुठे बसते?

'मोकळं फिरलं तरच सुखी' यात मात्र तथ्याचा एक अंश आहे, आणि तो मी नाकारणार नाही. रिकाम्या बाल्कनीत नुसती जाळी लावून मांजर सोडलं तर ते कंटाळतं, अंग चाटून चाटून केस काढतं, रात्रभर ओरडतं. पण त्यावरचा उपाय रस्ता नव्हे. रस्त्यावर गाड्या आहेत, कुत्री आहेत, आणि बोक्यांच्या मारामारीत चावण्यातून पसरणारा, मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्हीसारखा विषाणू आहे. मांजराला लांबी-रुंदीपेक्षा उंची हवी असते. भिंतीला खालीवर फुटभर रुंदीच्या तीन-चार फळ्या ठोका, एका खांबाला सुंभ गुंडाळा, कुंडीत गहू पेरा. ते कोवळी पाती खातं, वरच्या फळीवरून तासन्‌तास रस्ता बघतं. लिली आणि सायकसच्या कुंड्या मात्र तिथून हलवा. दोन्ही मांजरांना जीवघेण्या आहेत.

आता कबुतरांची जाळी. चिंगी पडली तेव्हा आमच्या बाल्कनीला जाळी होती. कबुतरांचीच. नायलॉनची ती जाळी उन्हानं दोन वर्षांत कडक झाली होती, आणि एका कोपऱ्यात चिंगीनं रोज थोडी थोडी कुरतडली होती. भोक मला दिसलं ते ती पडल्यावर. कबुतराला बाहेर ठेवणं आणि मांजराला आत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कबुतर दात लावत नाही, नखं अडकवून वर चढत नाही.

आणि 'पैशांची नासाडी' म्हणाल, तर आपल्याकडे अर्धं काम आधीच झालेलं असतं. मुंबई-पुण्यात कितीतरी खिडक्यांना बाहेर आलेलं बॉक्स ग्रिल असतं. त्याच्या गजांमधून मांजर सहज निसटतं, पण आतून एक इंची चौकोनाची वेल्ड मेश (सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी) बांधली की तोच मांजराचा सज्जा होतो. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्‌कोनी जाळी घेऊ नका, ती पातळ असते आणि वाकते. समुद्राजवळ राहत असाल तर साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी लवकर गंजते. स्टेनलेस स्टील महाग पडेल, पण तेच घ्या. तळाचे गजही झाका. पावसासाठी वर उताराचा पत्रा आणि उन्हाळ्यात त्याखाली शेडनेट लागेलच. नुसत्या पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते, म्हणून घरात यायची वाट दिवसभर उघडी हवी. आग लागल्यावर बाहेर पडण्यासाठी ग्रिलला झडप असेल तर तिच्यावरची जाळी वेगळ्या चौकटीत, कडीवर बसवा. चावी लागेल असं कुलूप तिथे नको.

चिंगीची टाळू शिवून आता तीन वर्षं झाली. नवी जाळी लावल्यावर पहिला आठवडा ती उंबऱ्यापाशीच बसून राहिली. मी रोज संध्याकाळी चहा घेऊन आत बसायचे. आठव्या दिवशी ती वरच्या फळीवर चढली.