खिशात ठेवलेले हात

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले तीन आठवडे एक वाद चालू आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडे शिकावे, असे सुचवलेले आहे. त्यावर डोंबिवलीच्या एका मित्राने लिहिले, ‘सुताराकडेच पाठवायचे, तर एवढी फी कशाला भरायची?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे तिथे काही न लिहिणारा मी रात्री साडेअकराला चार परिच्छेद लिहून मोकळा झालो.

मी ओरेगनमधल्या हिल्सबरोला राहतो. मुलगी अकरावीत आहे. दर शनिवारी सकाळी मी तिला विमानतळावरच्या एका हँगरमध्ये सोडतो, कारण तिथे ती आणि तिच्याच वयाची दहा-बारा मुले आरव्ही-१२ हे दोन आसनांचे, शंभर अश्वशक्तीच्या रोटॅक्स इंजिनाचे खरेखुरे विमान बांधत आहेत. या विमानाच्या सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, तयार करणारा व्हॅन्स एअरक्राफ्टचा कारखाना इथून जवळच, ऑरोराला आहे. ॲल्युमिनियमचे पत्रे खोक्यांतून भोके पाडूनच येतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की आता नुसते जोडायचे राहिले आहे. प्रत्यक्षात आधी प्रत्येक कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, काढावी लागते, कारण तिथे राहिलेला बारीकसा ओरखडाही पुढे तडा जायला पुरतो. मग क्लीको नावाच्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या खिळ्यांनी पत्रे जुळवून पाहायचे, आणि सगळी भोके समोरासमोर आली तरच रिव्हेटला, म्हणजे पत्रे कायमचे जोडणाऱ्या खिळ्याला, हात घालायचा. पायरी पुरी झाली की करणाऱ्याची सही होते, तपासणाऱ्याची सही होते. हे विमान ज्या वर्गात नोंदवायचे आहे त्यात प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कारखान्याच्या नकाशाबाहेर काहीही करता येत नाही. ‘चालतंय की’ म्हणायची सोयच नाही.

मार्गदर्शकांत निवृत्त यंत्रज्ञ आहेत, वैमानिक आहेत, स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी एक परिचारिका आहे. त्यांचा एकच दंडक आहे: मोठ्यांनी हात खिशात ठेवायचे. गेल्या हिवाळ्यात एका मुलाने शेपटीतली एक फासळी उलटी बसवली. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी ते पाहिले होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले. तरीही त्या मुलाला स्वतःला उमगेपर्यंत ते वीस मिनिटे कॉफी पीत उभे राहिले. मग दोघांनी मिळून रिव्हेटची सगळी ओळ ड्रिलने काढली. माझ्या आईने असे काही पाहिले असते तर ‘दे इकडे’ म्हणून केव्हाच हातातून काढून घेतले असते. आमच्याकडे माया तशीच व्यक्त होते, आणि मुलाच्या हाती काही राहत नाही ते त्यामुळेच, असे मी गटावर जरा अधिकच ठसक्यात लिहिले.

उत्तरादाखल मित्राने अमोल यादवांचे उदाहरण दिले. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर या मराठी वैमानिकाने सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ मध्ये ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवले. ‘तेही तुझ्या कॉफी पिणाऱ्या आजोबांशिवाय,’ असे त्याने जोडले. मला ते लागले. विमानाची नोंदणी होण्यासाठी २०१७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला, हे मी लगेच दाखवून दिले. गच्चीवरच्या एका जिद्दी माणसाचे कौतुक करून पोरांच्या हातात कानस न देण्याची सोय होते, असेही म्हणालो. १९३७ साली वर्ध्यात हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि त्याच महाराष्ट्रात आज आठवीपासून आयआयटीचे क्लास लागतात, हेही सुनावून झाले.

काही गोष्टी मात्र मी लिहिल्या नाहीत. किटची किंमत इथल्या एका चांगल्या मोटारीहून पुष्कळ अधिक आहे आणि तो खर्च देणग्यांवर चालतो. माझ्या मुलीच्या शाळेत सुतारकामाचा वर्ग नाही. हँगरमधल्या निम्म्या पालकांचे लक्ष रिव्हेटपेक्षा कॉलेजच्या अर्जावर आहे, आणि त्या निम्म्यांत मी मोडतो.

‘तू आता तिकडचा, तुला काय,’ असे शेवटी एकाने लिहिले. त्याला मी उत्तर दिले नाही, कारण त्याच्या दोन दिवस आधी मुलीने बर काढता काढता मला विचारले होते, ‘बाबा, तू तर मेकॅनिकल ना? तुम्हीपण असंच करायचात?’ मी हो म्हणालो. ते खोटे होते. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्याला कानस मारून, काटकोन तपासायचा गुण्या लावून, काटकोनात जोडणी बसवायचा जॉब होता. वर्कशॉपमध्ये मदतनीस असलेले एक मामा पन्नास रुपयांत तो करून देत. मी पन्नास रुपये दिले आणि दहापैकी नऊ गुण घेतले. मामांचे बोट न थरथरता गुण्याच्या कडेवरून फिरताना मी पाहिले होते. त्यांचे नाव विचारावेसे मात्र कधी वाटले नाही. सुताराकडे कशाला पाठवायचे, हे डोंबिवलीच्या मित्राने लिहिले त्याच्या पंचवीस वर्षे आधी मी रोख मोजून सांगितले होते.

गेल्या शनिवारी त्या आजोबांनी माझ्यापुढे सरावाचा एक पत्रा ठेवला आणि खिशातले हात बाहेर काढायला सांगितले. मी सतरा रिव्हेट मारले. चारांची डोकी पत्र्यावर नीट टेकली नव्हती. मुलीने त्यांच्याभोवती मार्करने गोल केले, ड्रिल माझ्या हातात दिले आणि स्वतःचे हात खिशात घातले.