जिउफेन म्हणजे चिहिरोचं गाव नव्हे

मराठी प्रवासी ग्रुपांमध्ये सध्या एक रील फिरतेय. मला ती आत्तापर्यंत सात जणांनी पाठवली, त्यात एक माझी सख्खी मावशी. पावसाळी संध्याकाळ, डोंगरउतारावर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, लाल कंदिलांनी लगडलेलं लाकडी चहाघर आणि मागे पियानो. खाली मजकूर असा: ‘हे तैवानचं जिउफेन. “स्पिरिटेड अवे” याच गावावरून काढलाय. मियाझाकी इथे येऊन राहिले होते. हे चहाघर म्हणजेच युबाबाचं स्नानगृह. लाल कंदील बघा, आणखी पुरावा कशाला? गिब्लीच्या प्रत्येक चित्रपटाला असं एक खरं गाव आहे. यादी करा आणि निघा.’

(‘स्पिरिटेड अवे’ हा हायाओ मियाझाकींचा, जपानच्या गिब्ली स्टुडिओचा ॲनिमेशनपट. चिहिरो ही त्याची छोटी नायिका, आणि देवांसाठीच्या स्नानगृहाची मालकीण ती युबाबा.) मी जिउफेनला जाऊन आलेय. गाव सुंदर आहे, जरूर जा. पण वरच्या मजकुरात खरं वाक्य एकच आहे, पहिलं.

आधी ‘मियाझाकी इथे येऊन राहिले होते’ हे घेऊ, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. जिउफेनचा आधार आपण घेतलेला नाही, असं हायाओ मियाझाकींनी स्वतःच तैवानच्या एका वृत्तवाहिनीच्या मुलाखतीत सांगितलंय. काढणारा माणूस नाही म्हणतोय म्हटल्यावर विषय खरं तर तिथेच मिटायला हवा. पण दर वर्षी नव्या रिळा येतात आणि त्यात मियाझाकींचा मुक्काम आणखी थोडा लांबतो. मला आलेल्या एकीत ते चहाघराच्या खिडकीत बसून चित्रं काढत होते.

‘हे चहाघर म्हणजेच युबाबाचं स्नानगृह.’ इथे मात्र जरा थांबायला हवं, कारण मियाझाकींनी कुठून काय उचललं ते बऱ्यापैकी माहीत आहे, आणि ती जागा तैवानमध्ये नाही. ती टोकियोच्या पश्चिमेला कोगानेई गावात आहे, म्हणजे जिथे गिब्लीचा स्टुडिओ आहे त्याच गावात. तिथल्या मोठ्या बागेत ‘एदो-तोक्यो’ नावाचं वास्तूंचं खुलं संग्रहालय आहे. शहरातल्या जुन्या इमारती पाडल्या जाण्याआधी सुट्या करून इथे आणायच्या आणि पुन्हा उभ्या करायच्या, असा तो उद्योग. संग्रहालय 1993 साली उघडलं, चित्रपट आला 2001 च्या जुलैमध्ये. मधल्या काळात मियाझाकी तिथे वारंवार जात. संग्रहालयाचं चिन्ह असलेली हिरवी अळीसुद्धा त्यांनीच काढून दिलेली आहे. संध्याकाळी, बंद व्हायच्या सुमाराला त्या रस्त्यावर एकटं उभं राहिलं की डोळे भरून येतात, असं त्यांनी सांगितलंय.

तिथे ‘कोदाकारा-यू’ नावाचं सार्वजनिक स्नानगृह आहे, 1929 चं. बाहेरून बघितलं तर देऊळच वाटावं: दारावर धनुष्यासारखी वळलेली कमान, वर भारदस्त छप्पर. आंघोळीच्या जागेला देवळाचं रूप द्यायची जुन्या टोकियोची ही हौस डोक्यात ठेवा आणि मग चित्रपटात देवच आंघोळीला येतात हे आठवा.

त्याच्याजवळच एक दुकान आहे, ताकेई सान्शोदो. कुंचले, शाई, कागद विकणाऱ्या व्यापाऱ्याचं, 1927 सालचं. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. समोरची भिंत जमिनीपासून छतापर्यंत नुसती खणांची. लहान लहान लाकडी खण, साडेतीनशेच्या आसपास, प्रत्येकाला कडी. चित्रपट पाहिलेला कुणीही इथे आल्यावर नकळत वर बघतो, सहा हातांचा म्हातारा कुठला खण ओढतोय म्हणून. तो भट्टीखान्यातला म्हातारा, कामाजी. (आपल्या कानाला हे नाव नांदेड-परभणीकडचं वाटतं, मला तरी पहिल्यांदा वाटलं होतं. जपानीत ‘कामा’ म्हणजे बंब किंवा मोठी कढई आणि ‘जी’ म्हणजे म्हातारा. बंबवाले आजोबा!) त्याच्या औषधी मुळ्यांच्या खणांची भिंत या दुकानावरून आली, हे संग्रहालयही सांगतं. जिउफेनच्या चहाघरात अशी भिंत मला दिसली नाही. चहा मात्र चांगला होता.

आणि हा रस्ताच पाहा. 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतल्या छोट्या व्यापाऱ्यांनी दुकानं पुन्हा बांधली ती एका गमतीशीर पद्धतीनं: अंग लाकडी, जपानी, आणि रस्त्याच्या बाजूला पाश्चात्त्य थाटाचा सपाट दर्शनी भाग चिकटवलेला, एखाद्या पाटीसारखा. म्हणून त्या पद्धतीचं नावही ‘पाटी-वास्तू’ अशाच अर्थाचं आहे. चिहिरोचे आईवडील जिथे ताव मारत डुकरं होतात, ती गल्ली याच जातीची. शिवाय ती सपाटीवर आहे. बोगद्यासारख्या इमारतीतून बाहेर पडून, माळ आणि कोरडा ओढा ओलांडून ही मंडळी तिथे पोचतात. पायऱ्या आहेत, पण अख्खं गाव डोंगराला लटकलंय असं नाही. जिउफेनमध्ये मात्र सपाट जमीन शोधावी लागते. माझे गुडघे साक्षीला आहेत.

मग साम्य वाटतं ते उगाच का? उगाच नाही. तैवान 1895 ते 1945 अशी पन्नास वर्षं जपानच्या ताब्यात होतं आणि जिउफेन भरभराटीला आलं ते त्याच काळात. त्यामुळे तिथल्या लाकडी घरांत, कौलांत, खिडक्यांत जपानी हात दिसतो. म्हणजे दोघांचे पूर्वज थोडेफार सामाईक आहेत, एवढंच. त्यावरून चित्रपट या गावावरून काढला म्हणणं हा बादरायण संबंध झाला.

‘लाल कंदील बघा.’ बघितले. जपानात कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या गल्लीत संध्याकाळी जाऊन उभे राहा, तेच दिसतील. ‘आका-चोचिन’, म्हणजे लाल कंदील, हा शब्दच तिथे स्वस्त दारूच्या गुत्त्यासाठी वापरतात. लाल कंदील हा पुरावा मानायचा तर अर्धं पूर्व आशिया चिहिरोचं गाव ठरेल. जपानातली गरम पाण्याच्या झऱ्यांची गावंही या दाव्यात मागे नाहीत. मात्सुयामाचं दोगो ओन्सेन, 1894 च्या लाकडी इमारतीचं, त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं. एका स्नानगृहाला इतके बाप असतील तर ते बहुधा कुणा एकाचं नाहीच.

आता ‘गिब्लीच्या प्रत्येक चित्रपटाला असं एक खरं गाव आहे.’ यातला घोटाळा ‘एक’ या शब्दात आहे. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या चित्रपटातलं बंदराचं शहर घ्या. 1971 मध्ये मियाझाकी स्वीडनला गेले होते ते वेगळ्याच कामासाठी, पिप्पी लाँगस्टॉकिंग या स्वीडिश बालकथेवर मालिका काढायची परवानगी मागायला. परवानगी मिळाली नाही. पण गॉटलंड बेटावरचं तटबंदीचं विस्बी आणि स्टॉकहोम ही दोन्ही शहरं डोळ्यांत राहिली आणि अठरा वर्षांनी एकत्र होऊन पडद्यावर आली. तिथे फिरताना एखादं छप्पर ओळखीचं वाटेल, पण ‘ते’ शहर सापडायचं नाही.

‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या रानाबद्दल मात्र शंका नाही. याकुशिमा बेटावर चित्रकारांना मुद्दाम नेलं होतं, आणि शिरातानी उन्सुईक्यो या दरीतलं शेवाळलेलं रान तिथे आजही आहे. पण तिथेही एकच जागा नाही. पार्श्वचित्रांचे एक प्रमुख, काझुओ ओगा, उत्तरेकडच्या आकिताचे. ते आपल्या मुलखातल्या शिराकामीच्या बीच नावाच्या झाडांच्या वनांत हिंडून आले. म्हणजे पडद्यावरचं जंगल एक हजाराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या दोन रानांचं मिळून झालंय.

‘माय नेबर तोतोरो’चं सगळ्यांत वेगळं. टोकियो आणि साइतामाच्या सीमेवरच्या सायामा टेकड्या ही त्याची भूमी. तिथे चित्रपटातल्या छोट्या मेईचं घर शोधाल तर मिळणार नाही, आणि ते घर प्रत्यक्षात बांधलंय ते दूर आइची प्रांतात, 2005 च्या जागतिक प्रदर्शनासाठी. सायामाला आहे ते साधं रान: ओक, बांबू, पायवाट, पाण्याची डबकी. आपल्याकडच्या एखाद्या गावाबाहेरच्या राईसारखं. पण ते आहे, कारण घरबांधणीत जाऊ नये म्हणून लोकांनी वर्गणी काढून ते विकत घ्यायला सुरुवात केली. पहिला तुकडा 1991 मध्ये घेतला, नाव दिलं ‘तोतोरोचं रान क्रमांक 1’. आता असे तुकडे पन्नासच्या वर गेलेत. चित्रपटानं जागा दाखवली नाही, जागा वाचवली. रिळेत हे नाव नव्हतं. फोटोला फारसं काही नाही ना तिथे.

रीलवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करते. माकोतो शिनकाई या दुसऱ्या जपानी ॲनिमेशन दिग्दर्शकाच्या बाबतीत ‘हीच ती जागा’ म्हणणं पुष्कळदा बरोबर असतं. त्यांच्या ‘युअर नेम’च्या शेवटी दिसणाऱ्या पायऱ्या टोकियोतल्या योत्सुया भागात, सुगा देवळापाशी आहेत. लाल कठड्यासकट. हिदा-फुरुकावाचं स्टेशनही तसंच. पण त्याच चित्रपटातलं इतोमोरी गाव नकाशावर कुठेच नाही. दोन दिग्दर्शकांच्या कामाच्या दोन तऱ्हा आहेत, त्या एकाच पिशवीत कोंबल्या की असं होतं.

राहिला मावशीचा युक्तिवाद, जो मजकुरात नव्हता पण फोनवर आला: ‘अगं, मानलं तर देव. कुणाचं काय बिघडतं?’ कामाकुराजवळ समुद्राकाठी रेल्वेचं एक फाटक आहे. बास्केटबॉलवरच्या एका जुन्या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला ते दिसतं. ते तर अगदी खरं ठिकाण, तरी तिथे रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गर्दीला आवरायला माणसं नेमावी लागली आहेत. म्हणजे कुणाचं तरी बिघडतंच.

आणि जिउफेनचंही बिघडतं, जरा निराळ्या अर्थानं. या गावाचा खरा चित्रपट दुसराच आहे. होउ श्याओ-श्येन यांचा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’, 1989 चा, व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळवलेला. 1947 मध्ये तैवानात सरकारी बंदुकांनी माणसं मारली, त्याबद्दल तोवर उघड बोलायची सोय नव्हती. त्या दिवसांची गोष्ट त्यात आहे आणि चित्रीकरण या गल्ल्यांत झालंय. सोन्याची खाण 1971 मध्ये बंद पडून ओस झालेलं हे गाव माणसांनी पुन्हा बघायला सुरुवात केली ती त्या चित्रपटामुळे. त्या पायऱ्यांवर मी अर्धा तास अडकले होते, पुढे छत्र्या, मागे छत्र्या, हातात अळकुडीच्या गोळ्यांची गोड वाटी. आजूबाजूला चार भाषांत एकच नाव ऐकू येत होतं, चिहिरो.

परतीच्या बसऐवजी मी उलटी, पुढे जाणारी बस पकडली. थोड्याच अंतरावर जिंग्वाशी, हेही खाणींचंच गाव. सोनं या डोंगरात सापडलं ते 1890 च्या दशकात, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या कैद्यांना जपान्यांनी इथल्याच तांब्याच्या खाणीत राबवलं. तिथल्या संग्रहालयात 220 किलोची सोन्याची वीट आहे. काचेच्या पेटीला भोक ठेवलंय, हात घालून ती चाचपता येते. शेजारी तिची आजची किंमत लावलेली असते. मी हात घातला, भाव वाचला, आणि मावशीला फोटो पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: ‘हे कुठल्या पिक्चरमधलं?’