तापाचा आठवडा

मागच्या महिन्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. नाशिकला सकाळचे सात, इथे कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ. ते गोल्फ क्लबच्या मैदानावर चकरा संपवून बसले होते आणि शेजारच्या बाकावर जोरात वाद चालला होता. सिडकोतला पंचेचाळिशीचा एक माणूस जिममधून घरी आला आणि तासाभरात गेला. "कोरोनाची लस, दुसरं काय!" असं एक काका ठासून सांगत होते. अण्णांनी फोन त्यांच्याकडे वळवला. "ही माझी मुलगी, कॅनडात फार्मासिस्ट आहे. हिला विचारा." त्या वेळी मला दोन वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

काकांची शंका मी उडवून लावणार नाही. कोविशील्ड ज्या प्रकारची लस आहे, त्या प्रकारात रक्ताच्या गुठळ्यांचा एक अतिशय दुर्मिळ त्रास होतो, हे मान्य झालेलं आहे. पण तरुणांच्या अचानक मृत्यूंचा प्रश्न आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या 47 रुग्णालयांमधून तपासला. 18 ते 45 वयाचे, वरकरणी धडधाकट असे 729 मृत आणि त्यांच्याशी ताडून पाहिलेले 2,916 जण. 2023 मध्ये निष्कर्ष आले. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी होता. धोका वाढलेला दिसला तो घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असेल, मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम झाला असेल, किंवा कोरोनाने दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल, तिथे. या यादीतल्या शेवटच्या गोष्टीवर मैदानात कुणीच बोलत नाही. आजार स्वतःच हृदयावर येतो.

2004 मध्ये ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदींतून हेच दिसलं होतं. श्वसनाचा संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण नेहमीच्या जवळजवळ पाचपट. त्याच अभ्यासात फ्लू, धनुर्वात आणि न्यूमोनियाच्या लशीनंतरचे दिवसही तपासले होते, तिथे धोका वाढला नव्हता. पुढे 2018 मध्ये मी राहते त्या ऑन्टारिओ प्रांतातूनच दुसरा अभ्यास आला. प्रयोगशाळेत फ्लू पक्का झालेले आणि त्याच्या मागेपुढे वर्षभरात हार्ट अटॅकने भरती झालेले 332 जण घेतले. प्रत्येकाची तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याच्या स्वतःच्याच इतर दिवसांशी केली, म्हणजे सिगारेट, शुगर, वय हे सगळं दोन्हीकडे सारखंच. इतर वेळी या सगळ्यांत मिळून आठवड्याला सरासरी 3.3 अटॅक. फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात 20. सहापट!

असं का होतं हे समजायला अवघड नाही. तापात नाडी धावते, हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि फुप्फुसं भरलेली असतील तर तो मिळतो कमी. अंगभर दाह असतो. रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असेल तर तो फुटू शकतो, आणि त्याच वेळी रक्त गोठायला टेकलेलं असतं.

आता अण्णांचं सांगते. 2022 चा ऑगस्ट. नाशिकमध्ये पावसाची झड आणि घरोघरी ताप. अण्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत 2019 मध्ये स्टेंट बसला होता. पहिल्या दिवशी ते मेडिकलमध्ये गेले, "ताप आहे, अंग दुखतंय" एवढं बोलले आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप आणि अंगदुखीच्या गोळ्या घेऊन आले. चौथ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात कमरेत सुई घेतली. पाचव्या दिवशी पहाटे पाठ आणि डावा खांदा भरून आला. आई म्हणाली, तापाचं अंग आहे, बाम लावते. दादा शेजारच्या खोलीतून उठून आला, त्याने अण्णांचा घामाने थबथबलेला बनियन बघितला आणि सरळ रिक्षा बोलावली. हार्ट अटॅक होता.

तो फ्लूच होता असं मी म्हणणार नाही, तपासणी झालीच नव्हती. अटॅक सुईनेच आला, असंही म्हणता येत नाही. पण त्या स्ट्रिपबद्दल आणि सुईबद्दल मला बोलायचंच आहे, कारण माझं शिक्षण त्यातलं आहे.

अ‍ॅझिथ्रोमायसिन विषाणूवर चालत नाही. एके काळी वाटत होतं की रक्तवाहिन्यांचा आजार एका जिवाणूमुळे बळावतो, मग अँटिबायोटिकने अटॅक टळतील. अमेरिकेत 4,012 हृदयरुग्णांना वर्षभर दर आठवड्याला हेच औषध किंवा औषध नसलेली खोटी गोळी देऊन पाहिलं. 2005 मध्ये निकाल लागला, फायदा शून्य. डेन्मार्कमध्ये याच कुळातलं क्लॅरिथ्रोमायसिन दोन आठवडे दिलं, तर नंतरच्या वर्षांत हृदयविकाराने दगावणारे उलट जास्त निघाले. त्यावरून 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना सावध केलं. अ‍ॅझिथ्रोमायसिनने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हा इशारा 2013 चा. न्यूमोनियात हीच औषधं जीव वाचवतात. पण ते डॉक्टरने छाती तपासून ठरवायचं, काउंटरवर नाही.

आणि सुई. 2017 मध्ये तैवानच्या विमा नोंदींतून पाहिलं, तर सर्दी-तापाच्या दिवसांत डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतलेल्यांत अटॅकचं प्रमाण नेहमीच्या साडेतीनपटीच्या आसपास, आणि ती इंजेक्शनने घेतलेल्यांत सातपट. जास्त आजारी माणसालाच सुई मिळते, त्यामुळे सगळा दोष औषधाचा नसेल. तरी स्टेंटवाल्या माणसाच्या तापाला साधी पॅरासिटामॉल पुरत असेल, तर ही जोखीम का घ्यायची? आपल्याकडे "सुई दिली नाही तर डॉक्टर कसला" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. ते बोलणं आपण पेशंटांनी सोडलं पाहिजे. डॉक्टर एकटा ते बदलू शकत नाही.

कॅनडात सगळं छान आहे असं सांगायला मी बसलेली नाही. अण्णा घरून निघाल्यापासून वीस मिनिटांत ईसीजी झाला आणि आठ वाजायच्या आत अँजिओप्लास्टी. इथे माझ्या मुलाचा कान ठणकत होता तेव्हा इमर्जन्सीत सात तास बसलो. ओळखीत कितीतरी जणांना फॅमिली डॉक्टरच नाही. नाशिकमध्ये संध्याकाळी सात वाजता डॉक्टर भेटतो, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण इथली एक गोष्ट मला घरी हवी आहे. ऑन्टारिओत फ्लूची लस सगळ्यांना फुकट मिळते आणि 2012 पासून फार्मासिस्टही ती देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी दिवसाला तीस-चाळीस दंडांवर ती टोचते, आणि बायपास झालेले आजोबा आठवणीने येतात. अटॅकनंतर तीन दिवसांच्या आत ही लस देण्याचा प्रयोग स्वीडनच्या पुढाकाराने आठ देशांत झाला, त्यात आपला शेजारी बांगलादेशही होता. वर्षभरात लसवाल्यांत 2.9 टक्के दगावले, खोट्या इंजेक्शनवाल्यांत 4.9 टक्के. कोरोनामुळे तो लवकर थांबवावा लागला, तरी अडीच हजारांवर माणसं त्यात होती. माझ्याच गावातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात भारतही होता. तिथे मुख्य फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, न्यूमोनिया मात्र बराच घटला. 2019 मध्ये अण्णांना डिस्चार्ज देताना तेल-मीठ, चालणं, गोळ्या, सगळं सांगितलं गेलं. फ्लूच्या लशीचं नाव कुणी काढलं नाही.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकच्या म्हसरूळला आहे. महाराष्ट्रभरची मेडिकल कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. ऑन्टारिओसारखा अभ्यास त्यांनी हाती घ्यावा, नाशिकच्या पावसाळ्यातल्या तापाचा आणि अटॅकचा, ही माझी मनापासून मागणी आहे. इथे एकाच हेल्थ कार्डावर प्रयोगशाळा आणि रुग्णालय जोडलेलं असतं, म्हणून ते जमलं. आपल्याकडे नोंद असते ती कपाटावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. गेल्या दिवाळीत मी अण्णांची पिशवी पलंगावर उपडी केली. दोन्ही अँजिओग्राफीच्या सीडी, पिवळे पडलेले ईसीजी, मेडिक्लेमच्या झेरॉक्स. तापाच्या त्या चार दिवसांचा एकही कागद त्यात नव्हता.

आता अण्णांची फ्लूची लस दरवर्षी मे महिन्यात होते, पावसाच्या आधी, कारण आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. पिशवीला आईने एक चिठ्ठी स्टेपल केली आहे: स्टेंट आहे, सुई विचारून. ताप आला की रोज सकाळ-संध्याकाळ दादा त्यांना एकच विचारतो, छातीत, पाठीत, जबड्यात काही होतंय का.

अण्णांनी हे सगळं मराठीत लिहून मागितलं होतं, त्या काकांना वाचायला द्यायला.