चार शहाळी आणि किडनीचा तो मेसेज

खानापूरला आत्याकडं गेलो तर कॉटखाली चार शहाळी. वय ७९, दोन्ही किडन्या जवळपास निकामी, हृदयही थकलेलं. बेळगावच्या डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, ओपीडीत दाखवायला सांगितलेलं, ती गेलीच नाही. मोबाइलवर मेसेज आला होता: ‘पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तिथं मॉर्फिन देऊन झोपवतात. डायलिसिस नाही केलं तर आठ दिवसांत खेळ खलास. रोज दोन शहाळी प्या, क्रिएटिनिन आपोआप उतरतं.’ दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत, बोर्ड कन्नडात, आणि हा मेसेज तेवढा चोख मराठीत. आत्याला तोच खरा वाटणार.

आधी शहाळं, कारण जीव त्यानंच जाईल. कपभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम. धडधाकट माणूस ते लघवीवाटे टाकून देतो. आत्याची किडनी टाकणार कुठनं? ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके चुकतात, हृदय बंदही पडू शकतं, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. शेतातनं उन्हाचं आलेल्याला खुशाल द्या. किडनीच्या पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, तर त्यानं उतरतच नाही.

हात टेकले म्हणे! आत्याची रात्र बघितलीय का कुणी? अंगाला इतकी खाज की पाठ खाजवायला उशाशी भाकरीचं उलथणं घेऊन झोपते. ही किडनीची खाज, नुसत्या मलमानं हटत नाही. गॅबापेंटिन नावाच्या औषधाच्या अगदी कमी मात्रेनं पुष्कळांना उतार पडतो. खाज, मळमळ, दम, रात्री पायांची तगमग, यांसाठीच ती ओपीडी. डायलिसिस चालू असलेलेही तिथं दाखवतात आणि आपल्या पायानं घरी येतात.

मॉर्फिनचं, म्हणजे त्या जबर वेदनाशामकाचं, अर्धं खरं आहे, कबूल. किडनी बंद असली की त्याचे अवशेष अंगात साठतात, गुंगी येते. म्हणून तर जाणते डॉक्टर अशांना फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही दुसरी वेदनाशामकं देतात, तेही दुखणं तसं असेल तरच.

आठ दिवसांचा हिशेब चालू डायलिसिस थांबवणाऱ्यांचा. सुरूच न केलेले कित्येक जण औषधांवर महिनोन्‌महिने काढतात, काही वर्षाच्या वर. उलट २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या देखभाल केंद्रांतल्या ३,७०२ पेशंटांचा अभ्यास आला: डायलिसिस सुरू केल्यापासून वर्षभरात ५८ टक्के गेले, आधीइतकं स्वतःचं स्वतः करू शकणारे १३ टक्केच उरले. तरण्या माणसाला हा आकडा लावू नका.

ओपीडीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. गुडघ्यासाठी गुपचूप घेतलेली डायक्लोफिनॅक, किडनीला घातक अशी ती दुखण्यावरची गोळी, त्यात निघाली तर डॉक्टर ओरडतील. ओरडू देत.