खारपाणपट्ट्यात ट्रकचे पाटे का गंजतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. हिवाळ्यात काश्मीरला जाणाऱ्या ट्रकांचे पाटे (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बर्फावर टाकलेल्या मिठाने गंजतात, म्हणून गाडी धूत राहावी, हे सांगणारा माझा लेख अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या गाडीमालकाच्या काय कामाचा, असे आपण विचारले आहे. बाजारातून घेतलेल्या पाट्यांना जळके ऑइल लावले की पुरे होते, असेही आपले म्हणणे आहे. शिवाय दर आठवड्याला गाडी धुऊनही आपले नवे यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) वर्षभरात गंजले, म्हणून धुण्याचा सल्ला आपल्याला व्यर्थ वाटतो. हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

खारे पाणी शून्य अंशालाही गोठत नाही, म्हणून बर्फाच्या रस्त्यावर मीठ टाकतात. मात्र पाटे खाते ते बर्फ नव्हे, तर मिठातले क्लोराइड. आता आपण गाडी कोणत्या पाण्याने धुता ते पाहा. दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते आणि तिथल्या बोअरचे पाणी किती खारे असते, हे आपल्याला मी सांगायला नको. धुतल्यावर पाणी उडून जाते, क्षार मात्र पाट्यांच्या फटीत आणि शॅकलच्या (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या) सांध्यात साचत राहतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते. मॅग्नेशियम क्लोराइड या दुसऱ्या क्षाराला तर 33 टक्केही पुरतात. म्हणून पावसाळ्यात वरून कोरडा दिसणारा पाटा आतून ओलाच असतो. यू बोल्टच्या बुडाशी, जिथे पाटे एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, तिथे टॉर्च मारून पाहिल्यास पापुद्रे सुटलेला तपकिरी गंज दिसेल. त्याखाली पडलेला बारीक खड्डा पुढे तड्याचे मूळ ठरतो, कारण भरल्या गाडीचा पाटा प्रत्येक खाचखळग्यात वाकत असतो.

तेव्हा धुणे बंद करू नये, शेवटचे पाणी तेवढे बदलावे. शहानूर धरणाच्या योजनेचे गोडे पाणी पिण्यासाठीच आहे याची मला जाणीव आहे, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. खालच्या सांध्यांवरून दोन-तीन बादल्या ओतल्या तरी बराच क्षार निघून जातो. त्यानंतर गाडी उन्हात पूर्ण वाळू द्यावी.

जळक्या ऑइलाने काही दिवस ओल अडते, हे मला मान्य आहे. परंतु त्यावर काळ्या मातीची धूळ बसून ओल धरणारा लेप तयार होतो आणि सांध्यातले रबरी बुश (आतली रबरी नळकांडी) तेलाने फुगतात. त्याऐवजी पाटे बसवण्यापूर्वीच ते तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, उघड्या धातूवर झिंक प्रायमर आणि मग रंग द्यावा. यू बोल्ट जिथे आवळला जातो त्या जागी मात्र रंगाचा जाड थर नको. तो दबला की आवळणी सैल पडते. बोल्टच्या आट्यांवर मेणयुक्त गंजरोधक लावावे आणि काहीशे किलोमीटर भरली गाडी चालल्यावर मिस्त्रीकडून नट पुन्हा तपासून घ्यावेत.

नवे बोल्ट गावातल्या प्लेटिंगवाल्याकडे (धातूचा मुलामा चढवणाऱ्याकडे) देण्याचा विचार असल्यास तेवढा कृपया टाळावा. उच्च ताकदीच्या पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो, आणि लगेच भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही तर असा बोल्ट गंज न चढताही भार आल्यावर अचानक तुटू शकतो.