पोपटाला तेल नको, काम द्या

रविवारी एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. "अगं, आमचा मिठू छातीची पिसं उपटतोय. कडुलिंबाचं तेल लावू का?" मी जवळजवळ ओरडलेच, नका लावू म्हणून. मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण चार वर्षांपूर्वी मीही नेमकं हेच केलं होतं. तेलाने पिसं चिकटतात, पक्षी ती साफ करायला अजून चोच मारतो आणि अजून उपटतो.

आमचा बंडू आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट, राखाडी, लाल शेपटीचा. इंदुरातल्या आमच्या जुन्या घराचं काम काढलं तेव्हा त्याचा पिंजरा ओसरीतून आतल्या खोलीत टीव्हीशेजारी गेला. ओसरीत त्याला दूधवाला दिसायचा, शाळेची रिक्षा दिसायची, समोरच्या झाडावरच्या साळुंक्या दिसायच्या. आत दिसायची एक भिंत. आणि रात्री साडेअकरापर्यंत बातम्या. दोन महिन्यांत पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा ढीग, आणि छाती सोललेल्या कोंबडीसारखी. तो ढीग मी रोज झाडून टाकत होते आणि रोज रडत होते.

सल्ले भरपूर मिळाले. नजर लागली, स्वभावच तसा आहे, एकटा आहे तर जोडी आणा. या जोडीच्या सल्ल्याचा मला आजही राग येतो. आधीच बिथरलेल्या पक्ष्याजवळ अनोळखी पक्षी आणून ठेवायचा, त्याला काही आजार असेल तर तोही घरात घ्यायचा, आणि हे म्हणे प्रेम! पहिल्या डॉक्टरांनी तर त्याला नीट न तपासताच गळ्यात कॉलर घालून घरी पाठवलं. दोन दिवस तो जेवला नाही. कॉलरने चोच अडते, पण उपटण्याचं मूळ कारण तसंच राहतं. जखम वाहत असेल तर थोड्या दिवसांपुरती ती लागते, पण तो उपचार नव्हे.

पुढे पक्ष्यांतलं कळणाऱ्या एका डॉक्टरांनी आधी त्याचं डोकं पाहिलं. डोक्यापर्यंत पोपटाची स्वतःची चोच पोचत नाही. म्हणून डोक्याची पिसं शाबूत आणि छाती, पोट, मांड्या उघड्या, तर तो स्वतःच उपटतोय. डोकंही विरळ होत असेल तर आजार शोधायचा, किंवा शेजारचा पक्षी उपटतोय का ते पाहायचं. स्वतः उपटणाऱ्यातही यकृताचा त्रास, त्वचेचा संसर्ग, पोटातले जंत, पिंजऱ्याच्या जस्ताची विषबाधा असं काहीही असू शकतं. त्यामुळे रक्त आणि विष्ठेची तपासणी आधी, मनाची कारणं मग. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कोणी माहीत नसेल तर तिथे विचारा.

बंडूच्या तपासण्या बऱ्या निघाल्या. त्याला झोप नव्हती, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर 'अ' जीवनसत्त्व मिळत नव्हतं, आणि दिवसभर करायला काही नव्हतं. हे तिसरं कारण सगळ्यांत मोठं, असं माझं ठाम मत आहे. रानातल्या पोपटाचे दिवसातले कित्येक तास खाणं शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात जातात. आपण वाटी भरून ठेवतो आणि तासाभरात त्याचं आटोपतं. उरलेल्या दिवसात त्या चोचीने करायचं काय?

आता त्याला वाटीत काही मिळत नाही. मक्याचं कणीस पानांसकट टांगते. गाजर आणि लाल भोपळ्याचे तुकडे कोऱ्या कागदाच्या पुड्यांत बांधते. जांभळाची, पेरूची फांदी सालीसकट धुऊन देते, ती तो दोन दिवस सोलतो. शेव, जिलेबी, चहात बुडवलेली पोळी पूर्ण बंद. पाहुण्यांना हे सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. साडेसातला पिंजऱ्यावर कापड, सकाळपर्यंत दहा-अकरा तास अंधार. मे महिन्यात माळव्याची हवा कोरडी होते, तेव्हा रोज सकाळी साध्या पाण्याचा फवारा. पिंजरा परत ओसरीत.

आणि आमचं ओरडणं बंद. पूर्वी त्याने पीस धरलं की आम्ही सगळे "ए बंडू, नको!" म्हणत धावायचो. काही दिवसांनी तो स्वतःच "ए बंडू, नको!" म्हणून पीस उपटायला लागला. म्हणजे पीस उपटलं की माणसं येतात, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

छाती भरायला सात महिने लागले. डाव्या मांडीवर पिसं आलीच नाहीत. पुन्हा पुन्हा उपटून मुळं मेली. दिवाळीच्या फटाक्यांत दरवर्षी थोडं परत सुरू होतं.

काकूंना हे सगळं सांगितलं आणि मग विचारलं, तुमचा मिठू कसा दिसतो? हिरवा, गळ्यात काळा-गुलाबी कंठ. म्हणजे आपला देशी पोपट. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चौदा वर्षं झाली गं त्याला. गच्चीवरून सोडून देऊ?" तेही नको, काकू. चौदा वर्षं न उडालेला, उघड्या छातीचा पोपट कावळ्यांसमोर तासभरही टिकणार नाही. गुरुवारी आम्ही दोघी वन विभागाच्या कार्यालयात जाणार आहोत. काकूंना विचारूनच हे लिहिते आहे. तोवर तेलाची बाटली त्यांनी माळ्यावर ठेवली आहे आणि मिठूला कणीस टांगलं आहे.