सुट्टीवर आलेल्या फौजीला जरा घरी बसू द्या

गणपती जवळ आलेत म्हणून आत्ताच लिहून टाकते, ऐनवेळी कोणाला राग नको. आमचे हे पॅरा एसएफमध्ये, म्हणजे फौजेच्या कमांडोंत आहेत हे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांना माहीत आहे, त्यामुळे सुट्टीवर आले रे आले की पहिला फोन मंडळाचा, "वहिनी, आरतीला साहेबांना पाठवा, शाल-श्रीफळ ठेवलंय, दोन शब्द बोलतील." माईक हातात दिला की मागून कोणीतरी विचारतंच, 2016 च्या सर्जिकल स्ट्राइकमध्ये तुम्ही होतात का हो?

होते की नव्हते मलाच माहीत नाही. खरंच. एकदा विचारलं होतं तर म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे.

लोकांना वाटतं फौजीला सुट्ट्याच सुट्ट्या. कागदावर आहेत ना, जवानाला वर्षाला 60 दिवस अॅन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल, पण मिळते तुकड्या-तुकड्यांनी, कोर्स लागला की सरकते, टीम बाहेर गेली की सरकते, आणि घरी आल्यावरही एक फोन आला की बॅग भरायची. आता त्यातच मामेसासऱ्यांच्या मुलाचं लग्न, सत्यनारायण, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बँकेची केवायसी, आणि वर तुमचे सत्कार. शालींनी कपाट भरलंय, त्यातली एकही ग्वाल्हेरच्या थंडीला पुरत नाही ते सोडा.

पहिले आठ-दहा दिवस तर हे घरात पाहुण्यासारखेच असतात, याबद्दल कोणी बोलतच नाही. मुलगी डायरीवर सही हवी असली की त्यांना ओलांडून माझ्याकडे येते, टीव्ही लावू का तेही मलाच विचारते, आणि हे शेजारी सोफ्यावर बसलेले. प्रोबेशनचे तीन महिने, ज्यात बहुतेक पोरं गळतात, ते काढून पॅरा एसएफचा बलिदान बॅज लावणारा माणूस पेरेंट्स मीटिंगला जाताना दर वेळी विचारतो, सेक्शन ए की बी? मागच्या सुट्टीत ठरवलं की आता अभ्यास मी घेणार, आणि पोरीला सकाळी पाचला उठवलं, पाचला! ती रडली, मी भडकले, सासूबाई दोघांवरही ओरडल्या, घरभर तोंडं फुगलेली. पण ही भांडणं व्हावीच लागतात आणि मिटायलाही निवांत वेळ लागतो, मग कुठे पोरगी आपणहून भूमितीची वही घेऊन त्यांच्याकडे जायला लागते, आणि नेमकं तेव्हाच दारात कोणीतरी गाडी घेऊन उभं, चला साहेब, शाळेत भाषण आहे.

फोटोचं तर बोलायलाच नको. जुलै 2020 मध्ये फौजेने जवानांना 89 अॅप काढायला लावली, त्यात फेसबुकही होतं, म्हणून हे इथे फेसबुकवर नाहीत. माझ्या डीपीला तुळशीवृंदावन आहे तेही उगाच नाही. आणि आमचे एक काका वर्दीतला फोटो, युनिटचा नंबर, आल्याची तारीख, सगळं एका पोस्टमध्ये टाकून मोकळे, "आमचा वाघ ग्वाल्हेरात!" काका, प्रेम कळतं, पण ती पोस्ट काढा हो. 2019 मध्ये बालाकोटला मिराज विमानं इथल्या तळावरूनच उडाली तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक पानटपरीवर एक संरक्षणतज्ज्ञ बसलाय, त्यांना काय सांगणार, निदान घरच्यांनी तरी समजून घ्यावं.

कौतुक करायचंच असेल ना, तर हे नसताना या. गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांना रात्री दोनला दम लागला, तेव्हा गाडी काढली ती वरच्या भाडेकरूंनी, ज्यांनी आजवर आमच्याकडे बघून एकदाही जयहिंद म्हटलेलं नाही. सकाळपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते बिचारे, आणि घरी आल्यावर वर विचारतात, मुलीला शाळेत सोडू का. यांना हे सगळं मी फोनवर सांगितलंही नाही, तिकडे बसून काय करणार होते.

आता कोणीतरी लिहिणारच खाली की लग्न करताना माहीत नव्हतं का. माहीत होतं हो. फौजेने सुट्टी कापली तर फौजेशी भांडता येत नाही, ते मी कधीच पत्करलंय. उरलेली तुम्ही कापता, आणि तुमच्याशी भांडता येतं, म्हणून भांडतेय.